शिडांचा शिंपी

आमच्या वाचकांस आमची एक खोड आतां ठाऊक झालीच आहे. खेळांच्या वार्ता वाचतांना कोण जिंकला एवढ्यानें आमचें समाधान होत नाहीं. सुवर्णपदक गळ्यांत पडल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो गृहस्थ कोणत्या कामाला लागला, त्याच्या पोटापाण्याची व्यवस्था काय होती, ही चौकशी केल्यावांचून आम्हांस चैन पडत नाहीं. पदक कपाटांत राहतें. मनुष्याला बाजारांत जावेंच लागतें. ह्या महिन्यांत ज्याची हकीकत सांगावयाची त्यानें ऑलिंपिक शर्यतींत शिडाची नौका हांकून सुवर्णपदक मिळविलें, आणि त्याचा धंदा मात्र शिडें शिवण्याचा. म्हणजे साध्या भाषेंत तो शिंपी. त्याचें नांव लोवेल नॉर्थ.

नॉर्थचा जन्म २ डिसेंबर १९२९ रोजीं अमेरिकेंतील मिसूरी संस्थानांत, स्प्रिंगफील्ड गांवीं झाला. तेथून समुद्र शेंकडों कोस दूर. परंतु तो नांवारूपास आला तो कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथें, आणि तें बंदर तर शिडाच्या नौकांचें माहेरघरच. तेथें 'स्टार' नांवाच्या जातीच्या नौका पुष्कळ असत. ही नौका सुमारें पावणेतेवीस फूट लांब असते आणि ती हांकावयास दोन माणसें लागतात. तिचा आराखडा १९१० सालीं तयार झाला. १९३२ पासून २०१२ पर्यंत, १९७६ चें एक वर्ष वगळतां, ती ऑलिंपिक शर्यतींत होती. ह्या जातीच्या सर्व नौका एकाच मापाच्या असाव्यात असा दंडक असल्यामुळें नौका चांगली म्हणून जिंकलों, असें म्हणण्याची फारशी सोय नाहीं. फरक पडावयाचा तो हांकणाऱ्याच्या हातांत, आणि दुसरा शिडांत.

नॉर्थच्या वडिलांपाशीं अशी एक स्टार नौका होती. तिचें सुती शीड चांगलें बसत नसे, नौका मंद चाले. चौदा वर्षांच्या लोवेलनें तें शीड उसवून, कापून, पुन्हां शिवलें. आणि नौका पूर्वीपेक्षां चांगली पळूं लागली. ही गोष्ट आम्ही येथें मुद्दाम सांगतों, कारण तींत मुलाच्या बुद्धीइतकीच बापाची छातीहि दिसते. शीड ही कांहीं स्वस्त वस्तु नव्हे. आपल्या घरीं चौदा वर्षांच्या मुलानें, "हा कोट नीट बेतलेला नाहीं, मी उसवून पुन्हां शिवतों," असें म्हटलें तर त्याच्या हातीं कात्री देणारे वडील आम्हीं तरी फारसे पाहिलेले नाहींत.

पुढच्याच वर्षीं, १९४५ सालीं, ह्या मुलानें स्टार वर्गाच्या जागतिक शर्यतींत भाग घेतला. सुकाणूं धरलें होतें सतरा वर्षांच्या मॅलिन बर्नहॅम ह्या मित्रानें. पंधरा वर्षांचा लोवेल त्याचा जोडीदार होता. मोठमोठ्या अनुभवी मंडळींस मागें टाकून हीं दोन पोरें जगज्जेतीं ठरलीं. हें बर्नहॅमचें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. बत्तीस वर्षांनंतर तें ह्या हकीकतींत पुन्हां यावयाचें आहे, आणि तें अशा प्रसंगीं कीं ज्याची त्या दोघांनाहि त्या दिवशीं कल्पना नसेल.

आतां थोडें शिडाविषयीं. शीड म्हणजे वाऱ्यानें फुगणारी चादर, अशी आपल्यापैकीं बहुतेकांची समजूत असते. वारा पाठीमागून असेल तर ती खरीहि आहे. परंतु नौकेला वारा जेथून येतो तिकडेच जावयाचें असतें तेव्हां ती वाऱ्याशीं तिरपी राहून, नागमोडी वळणें घेत पुढें सरकते. आणि त्या वेळीं शीड चादरीचें नव्हे, तर पक्ष्याच्या पंखाचें काम करीत असतें. पंखाला बाक असतो. त्याच्या दोन्ही अंगांनीं वारा वाहतो, आणि त्या वाहण्यांतूनच ओढ उत्पन्न होते. पोट फार झालें तर जोराच्या वाऱ्यांत नौका कलंडूं लागते. फार थोडें झालें तर मंद वाऱ्यांत ती जागची हालत नाहीं. शिवाय हें पोट पुढच्या बाजूस असावें कीं मध्यावर, ह्यावरहि पुष्कळ अवलंबून असतें. पक्ष्याचा पंख हाडांवर उभारलेला असतो, विमानाचा धातूचा असतो. शीड मात्र कापडाचें, आणि कापड मागावरून उतरतें तें सपाट. त्याला हवा तेवढाच फुगवटा, हवा त्याच जागीं, द्यावयाचा कसा?

ह्याचें उत्तर आमच्या वाचकभगिनींना आम्हांपेक्षां लवकर सुचेल. चोळी अंगासरशी बसावी म्हणून जें करितात त्याच जातीचें हें काम आहे. शिडाचे लांब पट्टे कापावयाचे, पण त्यांच्या कडा अगदीं सरळ न ठेवतां किंचित् बाकदार ठेवावयाच्या. अशा दोन कडा एकमेकींस जोडून शिवल्या म्हणजे कापडाला आपोआप पोट येतें. तसेंच डोलकाठीला लागणारी कड बाहेरून गोलसर कापावयाची. ती सरळ काठीवर चढविली कीं जास्तीचें कापड आंत सरतें आणि पोटाला मिळतें. हा बाक किती ठेवावा ह्यांतच सारें कौशल्य. पुन्हां, कापड उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेनें फारसें ताणत नाहीं, पण उरेप ओढलें कीं ताणतें, हें शिवणकाम करणाऱ्या कोणत्याहि गृहिणीस सांगावयास नको. वाऱ्याचा भार कांहीं धाग्यांची दिशा पाहून शिडावर पडत नाहीं. त्यामुळें किनाऱ्यावर सुरेख दिसणारें शीड समुद्रावर गेलें कीं अंग ताणून बेडौल होतें. सुती शिडांचे दिवस होते तोंपर्यंत तर नव्या शिडाला हलक्या वाऱ्यांत थोडें थोडें वापरून वळण लावावें लागे. पहिल्याच दिवशीं सोसाट्याच्या वाऱ्यांत काढलें तर तें जन्माचें बिघडे. आमच्या कोंकणांतील गलबतांवरचे खलाशी फाटक्या शिडाला स्वतः टांके घालीत बसलेले ज्यांनीं पाहिले असतील त्यांना ह्या कामाची थोडीशी कल्पना येईल.

हें ज्ञान पूर्वी शिडें शिवणाऱ्या जुन्या कारागिरांच्या हातांत असे. अंदाज, डोळा आणि बापानें शिकविलेली रीति, एवढ्यावर तें चाले. नॉर्थ मात्र बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत एंजिनियरिंग शिकला होता. पदवी घेऊन एंजिनियराची नोकरीहि त्यानें कांहीं काळ केली. परंतु मन शिडांत. १९५७ सालीं त्यानें स्वतः सुकाणूं धरून स्टार वर्गाचें जगज्जेतेपद मिळविलें, आणि त्याच वर्षीं सॅन डिएगो येथें 'नॉर्थ सेल्स' नांवाचें शिडें शिवण्याचें दुकान काढलें.

आपल्या घरांत हें घडलें असतें तर काय झालें असतें, ह्याचें चित्र आम्हीं मनांत रंगवून पाहिलें. माजघरांत आई डोळ्यांना पदर लावून बसली आहे, ओटीवर काका येरझारा घालीत आहेत, आणि आजोबा विचारीत आहेत कीं, "एवढे पैसे खर्चून एंजिनियर केला तो शिंप्याचें यंत्र चालविण्यासाठीं काय?" नामदेवमहाराज शिंपीच होते, हें आपण कीर्तनांत भक्तिभावानें ऐकतों आणि मान डोलावतों, घरच्या मुलानें कात्री हातीं धरली म्हणजे मात्र तें आठवत नाहीं. नॉर्थच्या घरीं काय झालें असेल तें असो. त्यानें शिक्षण फुकट घालविलें नाहीं, एवढें आम्ही खात्रीनें सांगूं शकतों. कारण पुढें त्यानें जें केलें तें एंजिनियराचेंच काम होतें, फक्त लोखंडाच्या जागीं कापड आलें होतें.

त्या सुमारास सुताच्या जागीं डेक्रॉन नांवाचें कृत्रिम धाग्याचें कापड शिडांसाठीं येऊं लागलें होतें. तें कमी ताणे आणि ओल्यानें बिघडत नसे. परंतु ठाणाठाणांत फरक असेच. नॉर्थनें कापड डोळ्यांनीं पारखण्याऐवजीं, ठराविक ओढ दिली असतां तें किती ताणतें, हें मोजावयास आरंभ केला. शीड तयार झालें म्हणजे त्याची परीक्षा घेण्याची त्याची रीति तर अगदीं प्रयोगशाळेंतली. दोन सारख्या नौका एकाच वाऱ्यांत शेजारीं शेजारीं चालवावयाच्या. एकीवर माहितीचें जुनें शीड, दुसरीवर नवें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, आणि कोणती नौका पुढें सरकते तें पाहावयाचें. नवी कल्पना स्वतःची असली तरी ती मागें पडली कीं टाकून द्यावयाची. शेवटची गोष्ट बोलावयास सोपी आहे. आपल्या हातच्या वस्तूवर ती चालवून पाहिलेल्यांसच तिची कठीणता कळेल.

येथपर्यंत सर्व ठीक होतें. परंतु ह्या धंद्यांत एक अशी गांठ होती कीं ती कोणत्याहि शिवणींत लपण्यासारखी नव्हती. नॉर्थचीं गिऱ्हाइकें कोण? जे शर्यती करीत तेच. आणि नॉर्थ शर्यती कोणाविरुद्ध करी? त्यांच्याचविरुद्ध. काल ज्याच्याकडून पैसे घेऊन शीड शिवून दिलें त्यालाच आज पाण्यावर हरवावयाचें. त्यानें आपल्या शिडांत कांहीं विशेष ठेवलें आणि गिऱ्हाइकाच्या शिडांत तें घातलें नाहीं, असा संशय कोणासहि येणें स्वाभाविक होतें. उलट सर्वांस सारखेंच चांगलें शीड द्यावें तर स्वतःच्या पराभवाची तयारी आपल्याच हातानें करावयाची. व्यापाराच्या दृष्टीनें मात्र ह्यांत गंमत अशी कीं, तो जिंकला तरी दुकानाचें नांव होई आणि गिऱ्हाइकानें त्याचेंच शीड लावून त्याला हरविलें तरीहि होई. मनाला मात्र दोन्ही गोष्टी सारख्या लागत असतील असें आम्हांस वाटत नाहीं.

१९५९ आणि १९६० सालीं तो पुन्हां स्टार वर्गांत जगज्जेता झाला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्यें, एनोशिमाच्या पाण्यांत, 'ड्रॅगन' जातीच्या नौकेवर त्याला कांस्यपदक मिळालें. मग आलें १९६८ चें वर्ष. त्या वर्षींचें ऑलिंपिक मेक्सिको शहरीं होतें, परंतु तें शहर पडलें डोंगरावर. म्हणून नौकांच्या शर्यती पॅसिफिकच्या किनाऱ्यावर अकापुल्को येथें झाल्या. नॉर्थचा जोडीदार होता पीटर बॅरट, हाहि एंजिनियर आणि हाहि शिडांच्याच धंद्यांतला. ह्या बॅरटनें १९६४ सालीं 'फिन' ह्या एकट्यानें हांकावयाच्या नौकेवर रौप्यपदक मिळविलें होतें.

आणि समोर कोण होता? डेन्मार्कचा पॉल एल्व्हस्ट्रम. शिडाच्या नौकांच्या इतिहासांत ह्या नांवाला तोड नाहीं. १९४८ सालीं, विसाव्या वर्षीं, त्यानें पहिलें ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलें. मग १९५२, १९५६ आणि १९६० अशीं लागोपाठ आणखी तीन. नौका वाऱ्यानें कलूं नये म्हणून शरीर बाहेर झोकून बसावें लागतें. त्या कष्टाची संवय व्हावी म्हणून त्यानें घरीं एक बांक करून घेतला होता आणि त्यावर तो व्यायाम करी. आणि विशेष हें कीं, १९५४ पासून त्याचेंहि शिडें शिवण्याचें दुकान होतें. १९६६ आणि १९६७ सालचा स्टार वर्गाचा जगज्जेता तोच. म्हणजे अकापुल्कोच्या पाण्यांत दोन शिंपी समोरासमोर उभे होते. शिडें विकून प्रपंच चालविणारा मनुष्य 'हौशी' खेळाडू कसा, असा प्रश्न आमच्या मनांत येतो. पण दोघेहि त्या शर्यतींत होते एवढें खरें. नॉर्थ आणि बॅरट मोठ्या फरकानें पहिले आले. नॉर्वे दुसरें, इटली तिसरें, एल्व्हस्ट्रम चौथा. त्यालाहि ह्याचें फार दिवस वैषम्य वाटलें नसावें, कारण १९८४ आणि १९८८ सालीं तो पुन्हां ऑलिंपिकमध्यें उतरला, आणि तेव्हां नौकेंत त्याची जोडीदार होती त्याची मुलगी. १९८४ सालीं ह्या बापलेकींनीं चौथा क्रमांक मिळविला. बापाचें वय छप्पन्न होतें.

नॉर्थचा धंदा ह्यानंतर झपाट्यानें वाढला. त्याची युक्ति साधी होती. जे आपल्याला हरवूं शकतील अशांनाच भागीदार किंवा हाताखालचे म्हणून घ्यावयाचें, आणि गांवोगांवीं त्यांच्या ताब्यांत शाखा द्यावयाच्या. १९७३ सालीं, त्रेचाळिसाव्या वर्षीं, तो स्वतः अखेरचा स्टार जगज्जेता झाला. पुढच्याच वर्षीं तें पद टॉम ब्लॅकॉलरनें घेतलें, आणि हा ब्लॅकॉलर नॉर्थच्याच शिडांच्या दुकानांतला माणूस. दुकानदारी आणि स्पर्धा ह्यांची गांठ अशा रीतीनें कांहीं काळ तरी सुटल्यासारखी दिसली.

ती पुन्हां बसली १९७७ सालीं. 'अमेरिकाज कप' नांवाची एक प्रख्यात शर्यत आहे. १८५१ सालीं जिंकलेला तो चषक अमेरिकेनें १९८३ पर्यंत कोणासहि जिंकूं दिला नाहीं. त्या वर्षीं चषकाच्या रक्षणासाठीं न्यूपोर्ट येथें तीन अमेरिकन नौका आपसांत निवडीच्या शर्यती करीत होत्या. 'एंटरप्राइझ'चा नायक लोवेल नॉर्थ. 'इंडिपेंडन्स'चा नायक टेड हूड. हाहि शिडें शिवणारा, आणि नॉर्थचा धंद्यांतला मोठा प्रतिस्पर्धी. तिसरी 'करेजस' ही जुनी नौका. तिचा नायक टेड टर्नर, अटलांटा येथील दूरचित्रवाणीच्या धंद्यांतला, बोलण्यांत फटकळ गृहस्थ. टर्नरला आपल्या नौकेसाठीं नॉर्थचीं शिडें हवीं होतीं. तीं देण्याचें नॉर्थनें आपणांस कबूल केलें होतें, असें त्याचें म्हणणें. परंतु एंटरप्राइझमागील मंडळींनीं तसें होऊं दिलें नाहीं. आपण लाखों डॉलर ओतून नौका बांधावी, आणि आपल्याच नायकानें तिची शिडें प्रतिस्पर्ध्यास विकावीं, हें त्यांना मानवेना. टर्नर खवळला. त्यानें नॉर्थला चारचौघांत शब्दभ्रष्ट ठरविलें, आणि ती गोष्ट वर्तमानपत्रांत गाजली.

ह्या भांडणांत न्याय कोणाच्या बाजूस होता? आम्हांस दोन्ही बाजू दिसतात. दुकानदारानें गिऱ्हाइकाला शब्द दिला कीं तो पाळला पाहिजे. त्यांत गिऱ्हाईक आपल्याशीं लढणार आहे कीं काय, हें पाहण्याची सोय नाहीं. दुसऱ्या बाजूनें, ज्या नौकेचें सुकाणूं हातीं घेतलें तिच्या मंडळींशीं एकनिष्ठ राहणें हेंहि कर्तव्यच. नॉर्थची चूक झाली असेल तर ती ह्यांपैकीं एक कर्तव्य निवडण्यांत नव्हे. दोन्ही कर्तव्यें एकाच हंगामांत, एकाच अंगावर घेण्यांत झाली, असें आमचें मत आहे. सुनेकडून आणि लेकीकडून एकाच दिवसाचें आमंत्रण स्वीकारणाऱ्या गृहस्थाची जी अवस्था होते तीच.

पाण्यावरहि त्याचे दिवस फिरले. मध्यंतरीं कांहीं काळ एंटरप्राइझ चांगली चालली. पण ऑगस्टमधील शेवटच्या निवडीच्या शर्यतींत ती मागें पडूं लागली. तिचीं शिडें उत्तम होतीं, ह्याविषयीं कोणास शंका नव्हती. तथापि एवढी मोठी नौका, अकरा माणसें, आरंभाच्या रेषेवरील डावपेंच आणि क्षणाक्षणाला द्यावयाचे हुकूम, ह्यांत शिडाकडे पाहत राहणाऱ्या मनुष्याला चालत नाहीं. अखेर मंडळींनीं नायक बदलण्याचें ठरविलें. पंचवीस वर्षांच्या कीर्तीचा, ऑलिंपिक पदक मिळविलेला मनुष्य हंगामाच्या मध्यांत सुकाण्यावरून उठविला गेला.

आणि त्याच्या जागीं ज्याला बसविलें तो मॅलिन बर्नहॅम. पंधराव्या वर्षीं ज्याच्या नौकेंत बसून लोवेलनें पहिलें जगज्जेतेपद पाहिलें, तोच. बर्नहॅम नौकेवरच होता. मित्राच्या हातून काढून घेतलेलें सुकाणूं हातीं घेतांना त्याच्या मनांत काय आलें असेल, हा विचार आम्हांस पुष्कळ वेळ सोडीना. नौका वांचली नाहींच. निवड टर्नरच्या करेजसची झाली, आणि सप्टेंबरांत तिनें ऑस्ट्रेलियाच्या नौकेस चार शर्यतींत चारदां हरविलें.

सात वर्षांनंतर, १९८४ सालीं, नॉर्थनें आपलें दुकान टेरी कोहलर ह्या विस्कॉन्सिनच्या कारखानदारास विकलें. नांव तेंच राहिलें, आणि आज जगांतल्या बहुतेक मोठ्या शर्यतींत तें शिडांच्या कोपऱ्यावर दिसतें. तो स्वतः पुढें दूरदूरच्या समुद्रप्रवासाला निघाला. त्या प्रवासांत शर्यत नव्हती आणि गिऱ्हाईकहि नव्हतें. २ जून २०१९ रोजीं, एकोणनव्वदाव्या वर्षीं, तो सॅन डिएगो येथें वारला.

त्याच्या त्या दुकानांत मोठ्या शर्यतींचीं शिडें हल्लीं कापून शिवीत नाहींत. हव्या त्या फुगवट्याचा प्रचंड सांचा तयार करतात, आणि त्यावर धाग्यांचे थर चिकटवून अखंड शीड काढतात. पट्टा नाहीं, बाक नाहीं, टांका नाहीं. लहान नौकांचीं शिडें मात्र अजून कात्रीनें कापून यंत्रावर शिवलीं जातात.